लॉरा व्हीआरएसचं इंजिन बांधायचंय, गाडी कुणाकडे द्यावी?

सांगलीच्या एका भावाने विचारलंय. २०११ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस आहे, १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, सव्वा लाखाच्या वर पळालीये, स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलेला आहे, रोजची गाडी आहे म्हणून तो तेवढाच ठेवायचाय, मोठा टर्बो टाकायचा नाही, आणि आता हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑईल खाते, सकाळी स्टार्टला निळसर धूर मारते. तिघांना दाखवली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणालं अख्खी इंजिन असेंब्लीच बदला, पुण्यातलं एक परफॉर्मन्स गॅरेज म्हणालं फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि रॉड टाकून बांधून देतो, आणि गावातला ओळखीचा मेकॅनिक म्हणतोय रिंगा-बेअरिंग बदलू, चार दिवसांत गाडी न्या. तिघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. तर आता द्यायची कुणाकडे?

माझा धंदा इंजिन बांधायचाच आहे, बोअरिंग-होनिंगची (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, कापून आणि घासून मापाला आणायची) मशिनं आमच्याकडेच आहेत, आणि हे टीएसआय ज्यातलं आहे त्या ईए८८८ फॅमिलीची बरीच इंजिनं हाताखालून गेलीयेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. प्रश्न गॅरेजच्या नावाचा वाटतो पण तसा तो नाहीये. इंजिन बांधताना काम तीन-चार हातांतून जातं. एकजण निदान करतो, दुसरा ब्लॉक आणि हेडचं मशिनिंग करतो, तिसरा जोडतो, आणि तुमच्यासारखी रीमॅपवाली गाडी असेल तर चौथा मॅप बघतो. बहुतेक गॅरेजांकडे, अगदी भारी बोर्ड आणि स्वच्छ फरशीवाल्यांकडेसुद्धा, बोअरिंगचं मशीन नसतं, ब्लॉक टेम्पोत घालून भोसरीला नाहीतर आणखी कुठल्या तरी एमआयडीसीत जातो. त्यात वावगं काहीच नाही. पण मग तुम्ही खरं तर त्या न पाहिलेल्या मशीन शॉपला निवडताय, आणि गॅरेजवाल्याला एवढंच विचारायचंय की तो त्या शॉपकडून काय मागतो आणि परत आलेल्या मालाचं माप स्वतः घेतो का.

त्याच्याही आधी एक गोष्ट, तिघांपैकी कुणी इंजिन न उघडता काही तपासलं का? तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही. या इंजिनवर ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, त्यातला रबरी पडदा फाटला की इनटेक सरळ क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या पोटातून) ऑईलची वाफ ओढायला लागतो आणि गाडी ऑईल खाते. आयडलला ऑईल भरायचं झाकण काढून बघा, झाकण आतून जोरात ओढलेलं असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आधी तो व्हॉल्व्ह बदला, इंजिन खोलण्याच्या मानाने तो खर्च काहीच नाही. मग इंटरकूलरचे पाईप काढून बघायला सांगा. आत हलकासा ऑईलचा थर असतोच, पण ऑईल साठून खाली ओघळत असेल तर टर्बोचं सील बघावं लागेल. हे दोन्ही ठीक निघालं की मार्कपर्यंत ऑईल भरायचं, आकडा लिहून ठेवायचा, हजार किलोमीटर नेहमीसारखी चालवायची आणि किती लागलं ते मोजायचं. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. एक लिटर म्हणजे त्याच्या दुप्पट, तेव्हा काहीतरी नक्की आहे.

आता इथे बरेच जण फसतात. गॅरेजवाला कॉम्प्रेशन टेस्ट घेतो, चारही सिलिंडर चांगले येतात, आणि म्हणतो इंजिन मस्त आहे साहेब, ऑईल जरा जाड घाला. या जनरेशनच्या टीएसआयचा जो प्रसिद्ध आजार आहे तो वरच्या कॉम्प्रेशन रिंगांचा नाहीच, तो खालच्या ऑईल रिंगचा आहे. ती बारीक, आणि तिच्यामागे पिस्टनला ऑईल परत जायला जी भोकं असतात ती लहान. वर्षानुवर्षं ऑईल उशिरा बदललं, ट्रॅफिकमध्ये तापलं, की भोकांत कार्बन बसतो आणि रिंग जागच्या जागी अडकते. वरच्या रिंगा धडधाकट असतात म्हणून कॉम्प्रेशन चांगलं, लीक-डाउनही (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघायची टेस्ट) चांगली, आणि तरी गाडी ऑईल खातेच. तेव्हा नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावर निर्णय देणारा माणूस या इंजिनला ओळखत नाही एवढं समजून चला. बोअरस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा बघायचा, कडेने ओला धुतल्यासारखा दिसतो का, आणि बोअरवर उभे ओरखडे आहेत का. लीक-डाउन तरीही घ्या, कारण ती वेगळं सांगते: हवा ऑईलच्या झाकणातून ऐकू आली तर वरच्या रिंगा किंवा बोअर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. जो हे सगळं करून आकडे लिहून देतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो, त्याला ते आनंदाने द्या. फुकट तपासून "खोलावंच लागेल" म्हणणाऱ्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

समजा खोलावंच लागलं. मग मी गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारेन की पिस्टन आणि बोअरमध्ये क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, किती ठेवणार. "आमचा माणूस बरोबर करतो, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. तोंडावर ठाम आकडा फेकला तरी जरा थांबा, कारण बरोबर उत्तर साधारण असं असतं: पिस्टन कुठला घेताय ते आधी ठरवू, तो हातात येऊ दे, त्याच्यासोबतचा कागद बघू, प्रत्येक पिस्टनचं माप घेऊ आणि मग त्या त्या बोअरला होन करू. कास्ट (ओतीव) पिस्टनला लागतो त्यापेक्षा फोर्ज्डला गॅप जास्त लागतो, आणि फोर्ज्डमध्येही दोन मिश्रधातू चालतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त म्हणून तो कमी फुगतो, या साईजच्या बोअरला ०.०५-०.०६ मिमीच्या आसपास भागतं, २६१८ जास्त फुगतो आणि टर्बोवर ०.०८ च्या आजूबाजूला मागतो. नक्की आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरचाच घ्यायचा. पण पिस्टन यायच्या आधीच ब्लॉक बोअर करून ठेवणारा माणूस, मग तो कितीही नावाजलेला असो, अंदाजाने काम करतोय.

हे मायक्रॉनचं बोलणं रिकामटेकडं वाटू शकतं म्हणून एक उदाहरण देतो. स्टँडर्ड बोअर ८२.५ मिमी. तापमानात १० अंशांचा फरक पडला की एवढा ॲल्युमिनियमचा पिस्टन १५ ते १८ मायक्रॉन वाढतो आणि बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्याने. म्हणजे सकाळी एसी केबिनमध्ये पिस्टन मोजला आणि दुपारी मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये बोअर मोजला तर तुमच्या अख्ख्या क्लिअरन्सचा चांगला मोठा हिस्सा नुसत्या मोजण्यातच इकडचा तिकडे होतो. म्हणून गरम पाण्यात धुतलेला ब्लॉक आम्ही त्याच दिवशी मोजत नाही, तो पिस्टन आणि मायक्रोमीटरच्या शेजारी रात्रभर पडून राहतो, मग सकाळी मोजतो. डायल बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर शून्याला लावायचा, मग बोअरमध्ये वर, मध्ये, खाली अशा तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत एकदा आणि आडवं एकदा. एका सिलिंडरचे सहा आकडे, चार सिलिंडरचे चोवीस. त्यातून बोअर किती अंडाकृती झालाय आणि वरून खाली किती निमुळता झालाय ते कळतं. नव्याने होन केलेल्या बोअरमध्ये हा फरक ०.०१ मिमीच्या आत यायला हवा. हे चोवीस आकडे कागदावर मागा. ज्या शॉपमध्ये असा कागद रोजच बनतो तिथे तो मागितल्यावर कुणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत.

टॉर्क प्लेटबद्दलही विचारा. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक वरच्या बाजूला थोडासा ओढला जातो, मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल असलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. त्यामुळे होनिंग करताना हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट तेवढ्याच टॉर्कने, शक्यतो तसंच गॅस्केट मध्ये घालून आवळतात, आणि ओढलेल्या अवस्थेतच बोअर गोल करतात. आपल्याकडे साध्या गाडीला कुणी करत नाही, कंपनीच्या बूस्टवरच (टर्बोच्या मूळ दाबावरच) चालवायची असेल तर त्याच्यावाचून अडत नाही हेही खरं. पण ऑईल खाण्यासाठीच इंजिन उघडतोय तर रिंग सगळीकडून नीट टेकली पाहिजे, म्हणून मी तरी आग्रह धरेन. तुमच्या इंजिनची प्लेट कुणाकडे नसेल तर ती बनवून घेता येते. तुम्ही सांगलीत आहात, कोल्हापूर तासाभरावर, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग) मशीन असलेला चांगला माणूस जुन्या गॅस्केटवरून आणि हेडवरून भोकं घेऊन प्लेट काढून देतो. पुण्या-मुंबईशिवाय इंजिन होत नाही असं अजिबात नाही, कोल्हापूरला फाउंड्री आणि मशिनिंगचा जो हात आहे तो फार थोड्या गावांत असेल.

तुमच्यापुढचा फोर्ज्डचा प्रस्ताव. गाडी रोजची आहे, स्टेज वनच ठेवायचा आहे, मोठा टर्बो टाकायचा नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग मी फोर्ज्ड टाकणार नाही. तुमचा त्रास ताकदीचा नाहीये, ऑईल रिंगचा दिसतोय, आणि त्यासाठी सुधारित रिंगा आणि मोठी भोकं असलेले पिस्टन मिळतात, ते पुरेसे आहेत. फोर्ज्ड २६१८ टाकले की जादा गॅपमुळे थंड इंजिनला पिस्टनचा खडखडाट ऐकू येतो, तो गरम झाल्यावर जातो पण रोज सकाळी ऐकायला लागतो. उद्या खरंच मोठा टर्बो टाकायचा असेल तर आत्ताच फोर्ज्ड टाकणं शहाणपणाचं, दोनदा इंजिन उघडायला नको, तेव्हा हे तुमच्यावर आहे. फक्त सुधारित पिस्टन घेताना पिन बघा. या फॅमिलीत २१ मिमी पिनवाले पिस्टन आहेत आणि २३ मिमीवालेही, रॉड जुना आणि पिन नवी जुळली नाही की काम अर्ध्यात अडकतं आणि मग कुणीतरी बुश घालून जुळवायची आयडिया काढतो. तसं करू देऊ नका, योग्य पिस्टन मागवा नाहीतर रॉडसकट घ्या.

रिंगांचा गॅपही विचारा. टर्बोत रिंग जास्त तापते, टोकाला टोक भिडलं की पिस्टनची रिंगेची पट्टी तुटते. ढोबळ हिशोब बोअरच्या दर इंचाला ५ हजारांश इंच, म्हणजे तुमच्या बोअरला ०.४ मिमीच्या आसपास वरच्या रिंगला, आणि इथेही रिंग कंपनीचा कागद म्हणेल ते. पाकिटातून काढून तशीच बसवली असं चालत नाही. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने मोजायची, कमी असेल तर घासायची, चारही सिलिंडरची मोजायची.

मला विचाराल तर चांगलं बांधलेलं इंजिन सगळ्यात जास्त मरतं ते घाणीने. बोअर झाल्यावर होनिंगची बारीक पूड ऑईलच्या गॅलरीत बसलेली असते, प्लग काढून ब्रशने गॅलरी धुतल्याशिवाय ती निघत नाही. नुसतं डिझेल मारून हवा मारली की वरून चकाचक दिसतं. बोअर गरम पाणी-साबणाने धुवून वर पांढरं फडकं ऑईलमध्ये भिजवून पुसायचं, फडकं करडं आलं की परत धुवायचं, पांढरंच येईपर्यंत. दुसरं म्हणजे सिलिकॉन. एक टीएसआय आमच्याकडे आली होती, दुसरीकडे बांधलेली, थोड्याच दिवसांत ठोका यायला लागलेला. चेंबर (खालचं ऑईलचं भांडं) काढलं तर ऑईल पंपाच्या जाळीवर सिलिकॉनच्या शेवया अडकलेल्या, अर्ध्याहून जास्त जाळी बंद, तिसऱ्या रॉडचं बेअरिंग तांबूस होऊन क्रँकच्या जर्नलला (बेअरिंग बसतं त्या गोल भागाला) चिकटलेलं. चेंबर बसवताना जाड थर दिला, आवळल्यावर तो जितका बाहेर आला तितकाच आतही आला, बाहेरचा पुसला, आतला ऑईलमध्ये पडला. बोअर छान होता, पिस्टन छान होते, सगळं वाया. म्हणून गॅरेजमध्ये जाल तेव्हा चालू असलेलं एखादं इंजिन बघायला मागा. उघडी तोंडं झाकलेली आहेत का, प्रत्येक सिलिंडरचे भाग वेगवेगळे नंबर टाकून ठेवलेत का, आणि जिथे इंजिन जोडतात त्याच टेबलाशेजारी ग्राइंडर तर चालत नाहीये ना. बोलण्यापेक्षा या गोष्टी जास्त सांगतात.

तुमच्या गाडीचं बेअरिंग गेलेलं नाहीये, नुसतं ऑईल खातेय, हे नशीब. बेअरिंग गेलेलं असतं तर ऑईल कूलर बदलल्याशिवाय मी इंजिन जोडू दिलं नसतं, कारण धातूचे कण त्याच्या आतल्या फटींत बसतात आणि धुवून निघत नाहीत, नव्या बेअरिंगमध्ये पहिल्या दिवशीच जातात. इंजिन उघडल्यावर बेअरिंग खराब निघालं तर हे लक्षात ठेवा.

उघडलंय तर आणखी काय करायचं ते थोडक्यात. टायमिंग चेनचा टेन्शनर सुधारित लावा, सुरुवातीच्या टीएसआयमधला जुना टेन्शनर सुटून चेन उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. चेन आणि गाईडही सोबतच. इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन काढा, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं म्हणून व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत. वॉटर पंप बघा. हेड, रॉड आणि मेनचे बोल्ट नवेच, ते आधी टॉर्कने आणि मग अंशात फिरवून ताणले जातात, एकदाच वापरायचे असतात. मेकॅनिकला विचारा की या इंजिनची टायमिंग लॉक करायची टूल्स त्याच्याकडे आहेत का, आणि असतील तर दाखवायला सांगा. खडूच्या खुणा करून टायमिंग लावतो म्हणणाऱ्याला साधी गाडी द्या, ही देऊ नका.

आता तुमचे तीन पर्याय. कंपनीची असेंब्ली महाग आहे पण एका गोष्टीत सरळ आहे, वॉरंटी एकाच दारात. मात्र ती येईल तेव्हा त्यात सुधारित पिस्टन आहेत का ते पार्ट नंबर घेऊन विचारा, नाहीतर तोच आजार परत. आणि ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. हीच गोष्ट भंगारातून आलेल्या वापरलेल्या इंजिनला दुप्पट लागू, कागद नसलेला ब्लॉक कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. परफॉर्मन्स गॅरेजचा पर्याय मला तुमच्यासाठी जरुरीपेक्षा मोठा वाटतो, पण त्यांना फोर्ज्ड नको, सुधारित पिस्टन टाकून बांधा असं सांगितलं आणि त्यांनी वर लिहिलेलं सगळं मान्य केलं तर ते बरे. तुम्हाला फोर्ज्डशिवाय काम घ्यायलाच तयार नसतील तर त्यांना तुमच्या गाडीपेक्षा स्वतःच्या पॅकेजमध्ये रस आहे. गावातल्या मेकॅनिकला मी सरसकट नाही म्हणणार नाही. माणूस ओळखीचा आहे, गाडी जवळ राहते, रोज जाऊन बघता येते, याला किंमत आहे. पण "चार दिवसांत" हे काही पटत नाही. पिस्टन मागवणं, मोजणं, मशिनिंग, धुणं, परत मोजणं, यात घाई न करता तीन-चार आठवडे सहज जातात. त्याला विचारा की ब्लॉक कोल्हापूरच्या चांगल्या शॉपला मी स्वतः नेऊन मापांसकट करून आणला तर तू जोडशील का, टायमिंगची टूल्स आणि कंपनीचं रिपेअर मॅन्युअल समोर ठेवून. हो म्हणाला आणि टॉर्क रेंच वापरणारा असला, तर माझ्या मते तुमच्यासाठी हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. नाही म्हणाला तर परफॉर्मन्स गॅरेज.

कुणाकडेही द्या, दर ठरवताना उघडण्याआधीचा आणि उघडल्यानंतरचा असे दोन भाग करा. उघडल्यावर मापं येतील, मग ठरेल की होनिंगवर भागतंय की ओव्हरसाईज बोअर लागतोय, क्रँक पॉलिश होतोय की ग्राइंड करावा लागतोय, तोपर्यंत कुणीही पक्का आकडा देऊ शकत नाही आणि देत असेल तर त्याने सगळ्यात वाईट धरून तरी दिलाय किंवा काही मोजणारच नाहीये. बिल जीएसटीचं, पार्ट नंबरसकट, आणि काढलेले जुने भाग परत. वॉरंटी किती किलोमीटरची यापेक्षा त्यात काय धरलंय ते लिहून घ्या, खास करून रीमॅप असताना ती लागू आहे का, कारण नंतर काही झालं की बांधणारा मॅपवाल्याकडे बोट दाखवतो आणि मॅपवाला बांधणाऱ्याकडे. म्हणून मी तर म्हणेन रनिंग-इन (नवं बांधलेलं इंजिन रुळवणं) होईपर्यंत गाडी कंपनीच्या मॅपवर आणा आणि नंतर ट्यूनर बसून नॉकचे (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांचे) लॉग बघेल, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्याकडे नियमित मिळणार नसेल तर मॅप तसा मवाळ ठेवावा लागेल.

रनिंग-इनला तासन्‌तास आयडलवर ठेवणं ही जुनी सवय अजून खूप ठिकाणी आहे, ती टाळा. रिंग बोअरवर बसायला तिच्यामागे दाब लागतो आणि तो लोडवरच येतो. इंजिन गरम करायचं, गळती बघायची आणि बाहेर काढायचं, मध्यम थ्रॉटलला वर खेचायची, मग गियरमध्येच सोडून द्यायची, असं पुन्हा पुन्हा, रेडलाईनपर्यंत न नेता. सांगलीहून आष्ट्याकडचा मोकळा रस्ता सकाळी याला पुरतो. पहिलं ऑईल लवकर काढायचं, शे-दीडशे किलोमीटरलाच, आणि फिल्टर फेकायचा नाही, कापून कागद उलगडून उन्हात बघायचा. पहिल्या वेळी थोडी बारीक चमक दिसणारच, नखाला लागतील असे कण दिसायला नकोत. दुसऱ्या फिल्टरमध्ये चमक बरीच कमी व्हायला हवी.

तूर्तास झाकण काढून पीसीव्ही तपासा आणि बोअरस्कोपचे फोटो काढून घ्या. चारही पिस्टनचे फोटो आणि लीक-डाउनचे आकडे इथे टाकलेत तर उघडावंच लागेल का आणि बोअरिंग टळेल का, यावर जास्त नेमकं सांगता येईल.